वळेल एवढीच लांब घे

बाळा, फिरतं घर घ्यायचं तुझ्या मनाने घेतलंय हे ऐकून फार बरं वाटलं. पडद्यांचा रंग ठरला, शेगडी ठरली, मोत्याची झोपायची जागासुद्धा ठरली म्हणे. लांबी तेवढी राहिली. राजा, तीच तर आधी ठरवायची. पडदे पुढच्या दिवाळीत बदलता येतात, पण चॅसी एकदा घरी आली की तिच्यातली एक वीतही कमी होत नाही.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून आपल्याकडे मोटरहोमची चर्चा वाढली. पण मुक्कामाच्या बहुतेक जागा अजून मोटारी डोळ्यांसमोर ठेवूनच आखलेल्या आहेत. म्हणून सांगते, आत किती माणसं झोपतील यावरून गाडी निवडू नकोस, शेवटचा किलोमीटर कसा आहे त्यावरून निवड. पुण्यातून निघणाऱ्या चौकोनी कुटुंबाला ६ मीटरच्या आसपासची, म्हणजे साधारण २० फुटांची गाडी पुरते आणि बहुतेक ठिकाणी मावते. ७ मीटरपर्यंत जायला हरकत नाही, पण पुढचं सगळं वाचून मग जा.

गाडी बघायला जाण्याआधी

१. पुढच्या वर्षभरात जायच्या जागांची यादी आधी कर, गाड्यांचे फोटो नंतर बघ — जागेप्रमाणे गाडी निवडता येते, गाडीप्रमाणे जागा बदलत नाही.

२. मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून नुसतं “गाडी येईल का?” असं विचारू नकोस; “वीस फूट लांब, साडेनऊ फूट उंच गाडी फाटकातून आत येऊन वळेल का?” असं विचार — पहिल्या प्रश्नाला सगळे प्रेमाने हो म्हणतात, दुसऱ्याला उठून फाटक बघून येतात.

३. तिथे रोज येणारी सगळ्यात मोठी गाडी कोणती तेही विचार, पाण्याचा टँकर की दुधाचा टेम्पो — टँकर आत येऊन वळत असेल तर तुझी काळजी निम्मी झाली, आणि गावाला मीटरपेक्षा टँकर चटकन कळतो.

४. वर्षातल्या बहुतेक रात्री किती जण झोपणार तो आकडा धर, दिवाळीला सगळा गोतावळा येईल तो नको — गोतावळ्याला शेजारी तंबू मारता येतो. पाहुणा दोन रात्रींचा, लांबी बारा महिन्यांची.

५. शाळेच्या मैदानावर फक्कीने ६ मीटर बाय २ मीटरचा चौकोन आख आणि घरच्या सगळ्यांना त्यात उभं कर. पलंग, ओटा, संडासही आखून घे — कागदावर सगळंच मावतं, फक्कीच्या रेघेत खरं कळतं.

६. विकत घेण्याआधी त्याच लांबीची गाडी भाड्याने घेऊन एखादा शनिवार-रविवार पावसाळ्यात काढ — उन्हाळ्यात माणसं बाहेर बसतात, पावसात सगळी आत असतात, आणि जागा पुरते की नाही ते तेव्हाच समजतं.

फीत हातात घेतल्यावर

७. लांबी स्वतः मोज, पुढच्या बंपरच्या टोकापासून मागची शिडी, सायकलचा स्टँड आणि जादा चाक धरून — माहितीपत्रकात मूळ गाडीची लांबी असते, भिंतीला घासते ती नंतर जोडलेली शिडी.

८. फोर्सच्या ट्रॅव्हलरपुढे ३३५०, ३७००, ४०२० आणि अर्बेनियापुढे ३३५०, ३६१५, ४४०० असे आकडे दिसतील, ते गाडीची लांबी समजू नकोस — ते व्हीलबेसचे मिलिमीटर आहेत, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. पूर्ण लांबी त्याहून बरीच जास्त असते.

९. व्हीलबेस जितका मोठा तितकं वळण रुंद घ्यायची तयारी ठेव — मागचं चाक पुढच्याच्या चाकोरीतून जात नाही, आतून कापून जातं, आणि मैलाचा दगड नेमका आतल्या बाजूलाच असतो.

१०. मागच्या चाकापलीकडे किती शेपूट आहे तेही मोज — पुढून तू उजवीकडे वळतोस तेव्हा ते शेपूट डावीकडे बाहेर फेकलं जातं. डोकं वळलं तरी शेपटाचा निरोप यायचा बाकी असतो.

११. दोन गाड्यांची लांबी सारखी असेल तर मोकळ्या मैदानात दोन्हींचं स्टिअरिंग पूर्ण वळवून एकेक गोल चक्कर मार — आखूड व्हीलबेसवाली पटकन वळते पण शेपूट जास्त फेकते, लांबवाली उलट. तुझ्या फाटकाला कोणती चालते ते चाकाच्या खुणाच दाखवतात.

१२. रुंदी २ मीटरच्या आसपास असली तर बरी, आणि आरसे उघडे ठेवूनच ती मोज — नियमाने वाहन २.६ मीटर रुंद असू शकतं, पण गावाकडच्या मोरीवरून समोरून ट्रॅक्टर आला की एकेका वितीला मोल येतं.

१३. उंची एसी, सोलर पॅनल आणि छतावरच्या पेटीसकट मोज आणि तो आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवून ठेव — रेल्वेच्या पुलाखाली किंवा पार्किंगच्या लोखंडी कमानीपुढे आल्यावर आठवत बसायला वेळ नसतो.

१४. सांडपाण्याची टाकी आणि तिचा नळ जमिनीपासून किती वर आहे ते वाकून बघ — लांब गाडीचं पोट आणि शेपूट चढाच्या तोंडाशी टेकतं, आणि सगळ्यात खाली लोंबत असतो तो हा नळ.

१५. लांबीबरोबर टाकी वाढते आणि टाकीबरोबर वजन, हे ध्यानात ठेव — एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दीडशे लिटर भरलेस की दोन धष्टपुष्ट मामा न सांगता बरोबर निघाले म्हणून समज.

मुक्कामावर

१६. सुरुवात एमटीडीसीच्या कार्ला, पानशेत, महाबळेश्वर, भंडारदरा अशा पर्यटक निवासांपासून कर, आणि गाडीत झोपायची परवानगी आधी विचारून घे — तिथे रस्ता, पाणी, दिवा आणि पहारेकरी असतो. नवशिक्याला एवढा आधार हवाच.

१७. मोटारीची आखलेली जागा साधारण ५ मीटर बाय अडीच मीटर असते हे लक्षात ठेव — ६ मीटरची गाडी एक मीटर बाहेर येते, ते लोक चालवून घेतात. ८ मीटरची आली तर दुसऱ्यांचा रस्ताच अडतो.

१८. जागा मागताना गाडीच्या लांबीत मागे-पुढे मिळून दोन मीटर आणि दाराच्या बाजूला अडीच मीटर वाढवून माग — पायरी, ताडपत्री, खुर्च्या आणि मोत्याची दोरी यांनाही जागा लागते.

१९. पवनेच्या काठी पाण्याला लागून उभं राहायचा मोह आवर, वरच्या मुरमाड पट्ट्यावर थांब — धरणाचं पाणी उतरलं की उघडा पडलेला गाळ वरून सुकलेला दिसतो, आत ओला असतो. वरून टणक, आतून लोणी.

२०. कृषी पर्यटन केंद्रावर जाताना शेतातला रस्ता मुरमाचा आहे की काळ्या मातीचा, हे पाऊस पडून गेला असेल तर नक्की विचार — काळ्या मातीत जड गाडी रुतली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि कापणीच्या दिवसांत ट्रॅक्टर कुणाचा मोकळा नसतो.

२१. विजेचा पॉइंट कितीचा आहे ते बघून मगच एसी लाव — १६ अँपिअरच्या पॉइंटवर साधारण साडेतीन हजार वॅट निघतात. आखूड गाडीला एक एसी पुरतो, लांब गाडीला दोन लागतात आणि त्यात गीझर लावला की सगळ्या आवारात अंधार.

२२. चाकाखाली घालायच्या लाकडी फळ्या गाडीच्या मापाच्या घे — जमिनीला दोन अंशांचा उतार असला तर ३३५० च्या गाडीला १२ सेंटिमीटर उचलावं लागतं, ४४०० च्या गाडीला १५. लांबी वाढली की सरपणही वाढलं.

२३. पोचल्या पोचल्या तोंड रस्त्याकडे करून गाडी लाव — रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर अंधारात मागे घेत बसायची वेळ येत नाही.

२४. माथेरानला जायचं असेल तर दस्तुरी नाक्यालाच गाडी ठेवायची, हे घरात आधीच सांगून ठेव — पुढे मोटारींना बंदी आहे. तिथे आखूड काय नि लांब काय, गाडीला नाक्यावरच थांबायचं.

घाटात

२५. पहिला मोठा घाट म्हणून पसरणी घे, वाईहून पाचगणीला, सकाळी लवकर — रस्ता बरा आहे, पण वळणांवर गाडीचं मागचं चाक कुठून जातं ते नीट शिकायला मिळतं. घाट किंमत विचारत नाही, माप विचारतो.

२६. ताम्हिणी, वरंधा, माळशेज या घाटांत पावसाळ्यात निघण्याआधी रस्ता चालू आहे का ते पोलिसांकडे किंवा जिल्हा प्रशासनाच्या सूचनांत बघ — वरंधा तर पावसाळ्यात अनेकदा बंदच ठेवतात.

२७. पावसाळी घाटात गाडी वळवता येईल अशी शेवटची रुंद जागा कुठे होती, ते शेजारी बसलेल्याने लक्षात ठेवत जावं — दरड आली तर परतच फिरावं लागतं. ६ मीटरची गाडी चार दमात वळते, ९ मीटरच्या गाडीला उलट्या पावली यावं लागतं.

२८. महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाटाने उतरताना ज्या गिअरने तो घाट चढला असतास त्याच गिअरने उतर — भरलेल्या टाक्यांची गाडी नुसत्या ब्रेकवर आणलीस तर ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत.

२९. आषाढी वारीत माउलींची पालखी पुण्यातून सासवडकडे निघते त्या दिवशी दिवे घाटाचा विचारही करू नकोस — तो रस्ता त्या दिवशी वारकऱ्यांचा असतो, आणि तसाच असावा.

३०. जुन्या रस्त्यांवर वडाच्या फांद्यांखालून जाताना रस्त्याच्या मध्याकडे सरकून हळू चाल — मधल्या फांद्या एसटी आणि ट्रकच्या उंचीला छाटल्या गेलेल्या असतात, कडेला सोलर पॅनलच्या मापाचं कुणी छाटलेलं नसतं.

३१. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, सरळ नि रुंद आहे म्हणून त्याच्यावरून लांबी ठरवू नकोस — महामार्गावर सगळ्याच गाड्या शहाण्या असतात. परीक्षा असते ती खाली उतरून गावाच्या वेशीत शिरताना.

कोकणात

३२. दाभोळ–धोपावे, वेश्वी–बागमांडला किंवा दिघी–आगरदांडा जेट्टीवर फेरीत चढताना शेपटाकडे एक माणूस उभा कर — ओहोटीला उतार जास्त तिरपा होतो आणि लांब गाडीचं मागचं टोक तिथेच घासतं.

३३. गुहागर-हर्णैकडच्या वाड्यांत शिरण्याआधी उतरून पायी चालून ये — दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे असतात, आणि गडग्याला मागे सरकता येत नाही.

३४. पुळणीवर गाडी घालू नकोस, कुणी कितीही आग्रह केला तरी — चाक रुतलं की भरतीला थांब म्हणून सांगता येत नाही, आणि तिथे कासवांची घरटी असतात ती वेगळीच.

पुण्यात परत आल्यावर

३५. गाडी घेण्याआधी ती कुठे उभी राहणार ते सोसायटीकडून लेखी घे — वर्षातले बहुतेक दिवस ती तिथेच उभी असणार, आणि जिन्यावर भेटणाऱ्या शेजाऱ्याशी रुसवा सगळ्यात महाग पडतो.

३६. सामान भरायला ती सदाशिव पेठेत आजीच्या दारात आणू नकोस. आजीला आणि लोणच्याच्या बरण्यांना रिक्षातून आण — बोळ आधीच दुचाक्यांनी भरलेला असतो. बोळात शिरायचा मान रिक्षाचा.

३७. नेहमीच्या गॅरेजला आणि धुलाई केंद्राला गाडी आत बसेल का ते विचारून ठेव — सर्व्हिसिंग घराजवळ झालं तरच वेळेवर होतं, आणि वेळेवर झालं तरच ब्रेक घाटात साथ देतात.

कागदपत्रं

३८. साधी व्हॅन घेऊन तिचं घर परस्पर बनवून घेऊ नकोस — मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदीपेक्षा वेगळे बदल चालत नाहीत; मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, त्याप्रमाणे मंजुरी आहे का ते बांधणाऱ्याकडून कागदावर बघ.

३९. एकूण भरलेलं वजन ७५०० किलोच्या आत ठेव — हलक्या वाहनाच्या परवान्याची मर्यादा तिथे संपते. म्हणजे गाडी घरातल्या दोघा-तिघांना आळीपाळीने चालवता येईल.

४०. फास्टॅग कोणत्या वर्गाचा मिळणार ते आधी समजून घे — मोटार, मिनीबस आणि बस यांचे टोल वेगळे. दरवेळचा फरक थोडा वाटतो, वर्षाचा हिशोब बोलतो.

४१. विमा उतरवताना आतली शेगडी, बॅटरी, सोलर सगळं लिहून दे — लिहिलेलं भरून मिळतं, गृहीत धरलेलं नाही.

परदेशी गेलास तर

४२. तुझी ताई अमेरिकेत आहे, तिच्याकडे जाऊन भाड्याने घेशील तेव्हा २२ ते २५ फुटांत राहा — कॅलिफोर्नियात सिकोयाच्या जनरल्स हायवेवर पॉटविशाच्या पुढे २२ फुटांहून लांब गाडी आणू नये असा सल्ला आहे, आणि योसेमिटीतल्या हेच हेची रस्त्यावर २५ फुटांच्या वर बंदी.

४३. माँटानातल्या ग्लेशियर उद्यानात गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगरातल्या भागात बंपर धरून २१ फूट हीच हद्द आहे. तिथे गाडी मुक्कामी ठेव आणि उद्यानाच्या शटल बसचा विचार कर — देखावा बसमधूनही तोच, आणि तुलाही खिडकीतून बघायला मिळतं.

४४. युरोपात लांबीआधी वजन विचार — तिथल्या साध्या मोटारीच्या परवान्यावर ३५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, आणि लांब गाडी सामान भरलं की ती रेघ नकळत ओलांडते.

४५. स्कॉटलंडला ॲपलक्रॉसकडे जाणाऱ्या बेअलाख ना बा घाटाच्या तोंडाशी मोठ्या गाड्यांनी आणि कॅराव्हॅननी पुढे न येण्याचा सल्ला लिहिलेला आहे, तो मान — ती पाटी लिहिणाऱ्याने तुझ्याआधी पुष्कळ गाड्या अडकलेल्या बघितल्या असणार.

रोजच्या सवयी

४६. निघण्याआधी गाडीला एक प्रदक्षिणा घाल: पायरी आत, खिडक्या बंद, वायर काढलेली, नळ बंद — देवाला नंतर केलीस तरी चालेल, गाडीला आधी कर.

४७. मागे घेताना एकाने खाली उतरायचंच, आणि चालवणाऱ्याला उजव्या आरशात दिसेल तिथेच उभं राहायचं — आरशात माणूस दिसेना झाला की थांबायचं, एवढा एकच नियम भांडण आणि बंपर दोन्ही वाचवतो.

४८. नव्या जागी दिवस मावळायच्या आत पोच — दिवसा फांदी, खड्डा, गडगा सगळं दिसतं. रात्री ते फक्त ऐकू येतं.

४९. आवडलेल्या प्रत्येक मुक्कामाचं फाटक किती रुंद, जमीन कशी, पॉइंट कितीचा, वळायला कुठे जागा, हे वहीत लिहून ठेव — पुढच्या वेळी फोन कमी करावे लागतात, आणि मागून येणाऱ्या भावंडांना आयती शिदोरी मिळते.

५०. दोन लांबींत मन अडकलं तर आखूड घे आणि उरलेल्या पैशांत चांगली ताडपत्री, चार खुर्च्या आणि एक मोठा तंबू घे — लांब गाडी तुला महामार्गाच्या कडेला थांबवते, आखूड गाडी गावात, धरणावर, कुणाच्या तरी आंब्याखाली नेते. आणि तू घराबाहेर पडतोस ते त्याच जागांसाठी.

आता फीत घे, फक्की घे आणि येत्या रविवारी मैदानावर चल. चौकोन आखायला मी येते. तिथे सगळे मावलो की चॅसीची आगाऊ रक्कम भरायला तू मोकळा.